आमचं अर्धं राहिलेलं लग्न

माझं लग्न तीनदा लागलं, आणि तिन्ही वेळा नवरा तोच होता. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग अमारोकडे बघतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "मधे काही भांडण वगैरे?" भांडण कसलं डोंबलाचं! मधे देवमासा आला होता.

आमच्या सांता ब्रिझिदात सगळं देवमाशावर चालायचं. घरातला दिवा त्याच्या तेलावर, पोरांचे बूट त्याच्या तेलावर, चर्चची घंटासुद्धा एका मोठ्या माशाच्या वर्षी लिस्बनहून आलेली. गाव म्हणजे काळ्या खडकाला चिकटून बसलेली शे-सव्वाशे घरं, एक धक्का, आणि समोर पाणी. वर डोंगराच्या नाकाडावर सेराफिमची खोपटी. सेराफिम पहाटेपासून दुर्बीण डोळ्यांना लावून बसायचा आणि लांब कुठे फवारा उडालेला दिसला की एक दारूचा बाण आभाळात सोडायचा. सूंऽऽऽ फट्! की गावातले सगळे बापये हातातलं काम जागच्या जागी टाकून धक्क्याकडे धावत सुटायचे. आमचा न्हावी आणि त्याची बरीचशी गिऱ्हाइकं एकाच होडीत वल्ही मारायची, त्यामुळे अर्ध्या दाढीचा माणूस आमच्याकडे कुणाला नवा नव्हता.

घाई असायची ती सांव फिर्मिनोवाल्यांमुळे. डोंगराच्या पलीकडचं ते गाव. त्यांनाही दुर्बीण, त्यांनाही बाण, त्यांनाही होड्या. ज्याचा भाला आधी लागेल त्याचा मासा, असा कायदा. त्यामुळे दोन घटका उशीर म्हणजे हिवाळाभर त्यांच्या फुशारक्या ऐकणं.

आमच्या होडीचे तांडेल माझे बाबा, आणि भालाईत अमारो. अमारोसारखा भाला अख्ख्या बेटावर कुणी मारत नसे. हे मी बायको म्हणून सांगत नाही, सांव फिर्मिनोवालेही कबूल करायचे, अर्थात दारू प्यायल्यावर.

आता आमची अडचण अशी की गावचे म्हातारे पाद्री वारले होते आणि नवे कुणी यायला तयार नव्हते. महिन्यातून एकदा मोठ्या बेटावरून जहाज यायचं, त्यातून फादर एव्हारिस्तो यायचे. सकाळी उतरायचे, महिनाभरातली बारशी, लग्नं आणि मेलेल्यांच्या प्रार्थना भराभर उरकायचे आणि चारच्या भोंग्याला परत जहाजावर. जहाज कुणासाठी थांबत नसे. फादर तर मुळीच थांबत नसत, कारण येताना त्यांना इतक्या उलट्या व्हायच्या की जाण्याचं एकदाचं उरकून टाकावं असं त्यांना वाटायचं.

पहिलं लग्न एप्रिलात. सगळं यथासांग चाललं होतं. फादरनी विचारलं, "अमारो, या देओलिंदाचा तू पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?" अमारोने तोंड उघडलं आणि बाहेर सूंऽऽऽ फट्! अमारोने तोंड मिटलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "आलोच हं."

आलोच! संध्याकाळी सातला आला. तोवर जहाज गेलं, फादर गेले, मेणबत्त्या गेल्या. चर्चमध्ये आम्ही बायका उरलो होतो आणि मागच्या बाकावर ठार बहिरे फ्रुक्तुओझोकाका. त्यांना वाटलं लग्न लागलं. पुढे येऊन त्यांनी माझे दोन्ही गाल चुंबले आणि म्हणाले, "नवरा कुठाय गं? एवढ्यातच कंटाळला?"

अमारोने त्या माशाचा दात माझ्यासाठी आणला होता, चांगला वीतभर. मी तो त्याच्याच अंगावर फेकला. खांद्याला लागला. नेम माझाही बरा होता म्हणायचा.

दुसरं लग्न जूनमध्ये. या वेळी फेलिझ्मिना मावशीने युक्ती काढली की मुहूर्त सकाळी आठचा ठेवायचा. "एवढ्या सकाळी मासे कुठले वर येतात," ती म्हणाली, जसं काही मासे तिच्यासारखे उशिरा उठतात. फादर जहाजातून उतरले ते थेट चर्चमध्ये, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. त्याच प्रश्नापाशी आले, तोच आवाज झाला. या खेपेला अमारो काही बोललासुद्धा नाही. नुसता माझा हात घट्ट दाबला आणि खिडकीतून उडी मारून गेला, कारण दरवाजात गर्दी झाली होती. आणि तो मासा सांव फिर्मिनोने मारला! म्हणजे नवराही गेला आणि मासाही गेला.

त्यानंतर गावात मला बघून कुणी सूंऽऽऽ असा आवाज काढला की मी दगड उचलायची.

सप्टेंबरचं जहाज शेवटचं. त्यानंतर आमचा समुद्र असा खवळतो की मार्चपर्यंत इथे जहाज उभंच राहू शकत नाही. माझा भाऊ लिओनेल अमेरिकेत न्यू बेडफर्डला कापडगिरणीत होता, तो पत्रामागून पत्र पाठवत होता की इकडे ये, तुझी नोकरी ठरवून ठेवली आहे. मी रविवारी चर्चबाहेर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझी पेटी मंगळवारी सकाळी धक्क्यावर असेल. लग्न लागलं तर पेटी घरी येईल. नाही लागलं तर चारच्या जहाजात चढेल आणि तिच्या मागोमाग मी."

अमारो म्हणाला, "लागेल गं, या वेळी नक्की लागेल."

"मग एक दिवस होडी सोड. भाला दुसऱ्या कुणाला तरी दे."

"कुणाला देऊ? बाण सुटला आणि मी नसलो तर आपल्या होडीवरच्या सात घरांचा हिवाळा कसा जायचा?"

"आणि मी जहाजात चढले तर तुझा हिवाळा कसा जायचा?"

यावर त्याने टोपी डोक्यावर घातली आणि धक्क्याकडे चालू लागला. अमारोची हीच खोड. भाला बोलतो, तोंड बोलत नाही. मी त्याच्यावर जीव टाकत होते आणि त्याचा माझ्यावर किती आहे हे त्याच्या तोंडून मला एकदाही ऐकायला मिळालं नव्हतं. रात्री पेटी भरताना मी इतकी रडले की वरचे दोन झगे पुन्हा वाळत घालावे लागले.

सोमवारी मी गोड पाव भाजला आणि डोंगर चढून सेराफिमकडे गेले. म्हटलं, "काका, उद्या सकाळी फक्त दोन तास तुम्हाला काही दिसलं नाही तर?"

सेराफिमने पाव खाल्ला, मिशा पुसल्या, छातीवर क्रूस केला. "पोरी, उद्या देवमासा माझ्या मांडीवर येऊन बसला तरी मला दिसणार नाही."

मंगळवारी चर्च गच्च भरलं. तिसऱ्यांदा तेच लग्न, तरी माणसं मेली नटूनथटून आली होती. काही जण सांव फिर्मिनोहून गंमत बघायला आले होते. आमचा वल्हेकरी जानुआरियो माझ्या काळजीने पहाटेपासून अंजिराची दारू पीत बसला होता आणि आता संत अंतोनीच्या पुतळ्याखाली आडवा झाला होता. फादर घाईघाईने बोलत होते, आणि प्रश्नाच्या जवळ आले तसे आणखी घाई करू लागले. "अमारो-या-देओलिंदाचा-तू-पत्नी-म्हणून-स्वीकार-करतोस-का?"

सूंऽऽऽ फट्!

आणि लगेच दुसरा. आणि तिसरा. सेराफिम बाणांमागून बाण सोडत होता. (नंतर त्याचा गळा धरला तेव्हा म्हणाला, "मी शब्द एका माशासाठी दिला होता गं. ते अकरा होते!")

अमारोने माझ्याकडे बघितलं. चर्च रिकामं व्हायला सुरुवात झालीच होती. मला काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. मी झगा गुडघ्यांपर्यंत उचलला, फादरना विचारलं, "तुमचं बोलून झालं?"

"माझं झालं, त्याचं उत्तर राहिलंय," फादर म्हणाले. ते रागाने लाल झाले होते. "दोनदा मी वहीत अर्धं लग्न लिहून खोडलं! बिशपसाहेब मला विचारतात, एव्हारिस्तो, हे काय चाललंय तुझं?"

"मग चला माझ्याबरोबर."

आणि मी पळत सुटले. अमारोच्याही पुढे. आमच्या गावातला तो उतार मी लहानपणापासून अनवाणी उतरत आले आहे. पांढरे बूट मी पहिल्याच वळणावर भिरकावले. मागून फादर, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात झगा, त्यांच्या मागून मावशी "अगं तुझा घुंगट, घुंगट!" करत. धक्क्यावर पोचले आणि थेट होडीत जाऊन जानुआरियोच्या जागेवर बसले, त्याचं वल्हं हातात घेतलं.

बाबांनी ते बघितलं आणि त्यांच्या हातातून सुकाणूच सुटलं. "खाली उतर!"

"नाही उतरत."

"अगं कार्टे, होडीत बाईमाणूस! मासा दहा कोस फिरकायचा नाही!"

"जूनमध्ये तर मी चर्चमध्ये होते, तेव्हा तरी मासा कुठे मिळाला? आणि वल्हं कोण मारणार? तुमचा जानुआरियो पुतळ्याखाली घोरतोय."

बाबांनी मागे बघितलं. खरंच एक माणूस कमी. तेवढ्यात डोंगराच्या टोकाला वळसा घालून सांव फिर्मिनोची होडी दिसली, शीड फुगलेलं, सुसाट. बाबांचा चेहरा त्या होडीकडे बघावं की माझ्याकडे या चिंतेत दोन्हीकडून ओढल्यासारखा झाला. "ढकला!" ते ओरडले. "आधी ढकला, हिला मी घरी गेल्यावर बघतो!"

आणि होडी सुटता सुटता फादर एव्हारिस्तो त्यात पडले. उडी म्हणता येणार नाही. पडले, दोरखंडाच्या टोपलीत बसकण मारली आणि तिथेच बसून राहिले.

आम्ही असे वल्हवत होतो की काय सांगू! माझा झगा भिजून जड झाला होता, घुंगट वाऱ्याने उडून न्हाव्याच्या तोंडावर बसत होता आणि तो तसाच आंधळेपणाने वल्हं मारत होता. डोंगरावर सेराफिमने पांढरी चादर पसरली, म्हणजे डावीकडे वळा. मग दोन चादरी पसरल्या, म्हणजे आणखी डावीकडे. फादर काठावर वाकून ओकत होते आणि मधेमधे मान वर करून विचारत होते, "आता विचारू?"

"आता नको!" सगळे एका सुरात.

"मग कधी?"

"फादर," अमारो वल्हं ओढत म्हणाला, "जरा दम धरा."

"मी एप्रिलपासून दम धरलाय, बाळा."

मला हसू फुटलं. इतकं हसू की वल्हं पाण्यात नीट पडेना. लग्नाच्या झग्यात, पायात बूट नाही, मागे बाप शिव्या घालतोय, पुढे नवरा पाठमोरा, मधे पाद्री ओकतोय, आणि ऊन असं लख्ख पडलेलं! न्हावीही हसायला लागला. मग बाकीचेही. बाबा म्हणाले, "हसा, हसा! सांव फिर्मिनोवाले आधी पोचले की मग रडा!" पण त्यांची मिशीही हलत होती.

मग मासे दिसले. काळ्या पाठी, एकामागून एक, आणि तिरके फवारे. बाबांनी हात वर केला आणि होडी एकदम गप्प झाली. देवमाशाच्या जवळ जाताना आमच्यात कुणी खोकतसुद्धा नाही. वल्ही आत घेतात आणि हातभर लांबीची छोटी वल्ही काढून पाणी हलकेच कापतात. मासा ऐकतो. साधा दोर लाकडाला घासला तरी ऐकतो आणि शेपूट वर करून असा खाली जातो की तासभर वर येत नाही. सात घरांचा हिवाळा त्या गप्प बसण्यावर असतो, हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून माहीत.

अमारो पुढे उभा राहिला. मांडी फळीच्या खाचेत रोवली, भाला उचलला. समोर दहा हातांवर ती पाठ, ओली, सुरकुतलेली, आमच्या घरापेक्षा मोठी.

आणि फादरनी विचारलं. हळूच विचारलं, बिचाऱ्यांनी, कुजबुजत. त्यांना वाटलं असावं की सगळे एवढे शांत झालेत ते त्यांच्यासाठीच.

"अमारो, या देओलिंदाचा तू पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?"

बाबांनी दोन्ही हात जोडून फादरना खुणा केल्या. न्हाव्याने डोळे मिटून घेतले. अमारोने मागे न बघता मान हलवली, हो.

"मान चालत नाही," फादर कुजबुजले. "मुका असता तर चाललं असतं. साक्षीदारांना ऐकू यायला हवं."

बाबांनी आता टोपी काढून फादरना दाखवली, ती ते त्यांच्या तोंडात कोंबणार होते असं मला वाटलं. मी अमारोच्या पाठीकडे बघत होते. भाला तसाच वर होता. खांद्याची शीर ताणली होती. त्याने नुसता हात सोडायचा होता. हात सोडला असता तर मासा आमचा, मग दोर सुटला असता, होडी माशामागे फरफटत दुपारभर कुठल्या कुठे गेली असती, आणि चार वाजता जहाजाने भोंगा दिला असता. हे सगळं त्याला माहीत होतं आणि मलाही. मला वाटलं, सोडेल. सोडायलाच हवा, सात घरं आहेत. मी तर मनात त्याला माफही करून टाकलं आणि पेटीच्या किल्लीसाठी झग्यात हात घातला.

"करतो!" अमारो ओरडला. "स्वीकारतो! एप्रिलपासून स्वीकारलंय मी! हिच्याशिवाय मला कुणी नको!"

पाणी फाटल्यासारखं झालं. ती पाठ कमानीसारखी वाकली, शेपूट आमच्या डोक्यावर उभं राहिलं, त्यातून गळणाऱ्या पाण्याने फादरचं पुस्तक भिजलं, आणि मग नुसताच एक गुळगुळीत गोल उरला, तेलाच्या थेंबासारखा. मासा गेला.

अमारो तसाच उभा होता, भाला वर, पाठ माझ्याकडे. त्याने त्या एका वाक्यात त्याचं सगळं गावातलं नाव पाण्यात टाकलं होतं.

"छान," फादर पुस्तक झटकत म्हणाले. "देओलिंदा, तू या अमारोचा पती म्हणून स्वीकार करतेस का?"

आता ऐका. पाच महिने मी काय ठरवलं होतं? की माझी पाळी आली की मी थांबणार. त्याला उभं ठेवणार. "जरा विचार करू दे" म्हणणार, "आलेच हं" म्हणणार, अंगणात जाऊन कोंबड्यांना दाणे घालून येणार. सगळी वाक्यं पाठ केली होती. आणि आता तोंड उघडलं तर आवाजच नाही! नुसती हवा. मी मान हलवली, जोरजोरात हलवली.

"मान चालत नाही," फादर म्हणाले.

"बोल की गं बाई!" न्हावी म्हणाला. "मासा घालवलास, आता निदान लग्न तरी कर!"

"हिला काय झालं?" बाबा मागून म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली, तीही आत्ताच?"

तेव्हा अमारो वळला. त्याचा चेहरा मी उभ्या जन्मात विसरणार नाही. देवमाशाच्या तोंडापुढे उभा राहताना ज्याचा श्वास हलत नाही तो माणूस पांढराफटक पडला होता. त्याला वाटलं, मी नाही म्हणणार. त्याला वाटलं, मी खरंच त्या जहाजात चढणार. अरे देवा, तो मला घाबरत होता! मला गमवायला घाबरत होता, आणि हे मला आज कळत होतं!

आणि मग माझा आवाज आला. पाच महिन्यांचा एकदम आला.

"होऽऽऽऽऽऽ!"

तो डोंगरावर जाऊन आपटला आणि परत आला. बगळे उडाले. मावशी सांगते की धक्क्यावर तो स्वच्छ ऐकू आला आणि बहिरे फ्रुक्तुओझोकाकाही म्हणाले, "कोण ओरडलं?" आमच्या पुढे, पाव कोसावर, सांव फिर्मिनोची होडी एका माशाला अगदी भिडली होती. त्यांच्या भालाइताने हात मागे नेला होता. तेवढ्यात त्यांच्या समोर शेपूट उभं राहिलं आणि सरळ खाली गेलं. त्याने रिकाम्या पाण्यात भाला मारला आणि भाल्यामागोमाग स्वतःही गेला.

बाबांच्या छातीतून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं झटका आला. ते हसत होते. हसता हसता ते सुकाणूवर आडवे झाले, न्हावी त्यांच्यावर आडवा झाला, आणि लांबून सांव फिर्मिनोचा ओला भालाईत आमच्या चौदा पिढ्यांचा उद्धार करत होता.

"बाबा, घरी गेल्यावर मला बघणार होतात ना?" मी विचारलं.

"गप्प!" बाबा डोळे पुसत म्हणाले. "उद्याही येतेस का सांग. मासा मिळो न मिळो, त्यांनाही मिळू द्यायचा नाही!"

फादर एव्हारिस्तोंनी ओल्या पुस्तकावर ओल्या पेन्सिलीने लिहिलं, पूर्ण लिहिलं, खाडाखोड न करता. मग ते काठावर वाकले आणि समाधानाने ओकले.

अमारो फळ्यांवरून सरकत माझ्यापर्यंत आला. भाला त्याने कुठे टाकला होता कोण जाणे. माझ्या हातावर वल्ह्याने फोड आले होते, ते त्याने आपल्या तळहातावर घेतले.

"परत एकदा म्हण," तो म्हणाला.

"एकदा पुरे, कायद्याने एकदा पुरे," फादर म्हणाले.

मी परत म्हटलं. या वेळी अगदी त्याच्या कानाशी, हळू. खरं तर कितीही मोठ्याने म्हटलं असतं तरी चाललं असतं, घाबरून पळायला आता त्या अख्ख्या समुद्रात एकही मासा उरला नव्हता.